वेळापूरच्या वाटेने आलेली लस

माळशिरसचा मुक्काम हलला की ज्ञानेश्वर माउलींची पालखी वेळापूरची वाट धरते. आळंदी सोडून पंधरवडा होत आलेला असतो. टाचांना भेगा, खांद्यावर पडशी, गळा बसलेला. अशा थकल्या अवस्थेत वेळापूरच्या अलीकडच्या चढावर वारी थांबते आणि मग 'धावा' होतो. विणेकरी, टाळकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, सगळे उताराने धावत सुटतात. तुकोबांना इथूनच पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. धावून दमलेली माणसं गावात येतात ती अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन मंदिराच्या सावलीत. राजा रामचंद्राच्या काळातले मराठी शिलालेख या गावाने जपले आहेत. पुढे भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरपूर.

या वाटेने अभंग आले, बाजार आले, मुंबई-पुण्याच्या बातम्या आल्या. पटकी आली, देवी आल्या, गाठीचा ताप आला. आणि रोगाच्या मागोमाग, बहुतेक वेळा उशिराने, लसही आली.

लशीचा इतिहास सांगायचा तर प्रयोगशाळेपासून सुरुवात करायची रीत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या या गावातून पाहिलं तर मात्र तो वाटेचा इतिहास दिसतो. लस कुणी वाहून आणली, उन्हात ती किती दिवस टिकली, तिची मोजदाद कुणी ठेवली आणि दारात उभ्या राहिलेल्या परक्या माणसापुढे आईने लेकराचा दंड उघडा केला की नाही, हे प्रश्न दोनशे वर्षांत फारसे बदललेले नाहीत. उत्तरं मात्र बदलत गेली.

पहिलं उत्तर होतं जिवंत मूल. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गाईच्या देवीची लस टोचून दाखवली, तेव्हा ती हिंदुस्थानात आणायची कशी हाच मोठा पेच होता. इंग्लंडहून जहाजाने पाठवलेली लस आफ्रिकेला वळसा घालून येईपर्यंत मरून जाई. अखेर व्हिएन्नातल्या जाँ द कारो या डॉक्टरने लशीत भिजवलेला दोरा काचेच्या तुकड्यांत ठेवून मेणाने बंद केला आणि खुष्कीच्या मार्गाने बगदादला पाठवला. बगदादहून बसरा, बसऱ्याहून जहाजाने मुंबई. शेवटच्या टप्प्यांत ती दोऱ्यावरून नाही, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी चालत आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली आणि धरली. हिंदुस्थानात धरलेली ही पहिली लस. त्या एका चिमुरडीच्या दंडावरच्या फोडातून ती मुंबईतल्या इतर मुलांना मिळाली आणि तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास, सिलोन अशी पसरली.

हिशेब सोपा होता आणि निर्दयही. टोचल्यापासून आठव्या दिवशी फोड भरतो. त्याच दिवशी त्यातली लस काढून पुढच्या मुलाला टोचली नाही तर ती वाया जाते. म्हणजे दर आठवड्याला एक नवं, देवी न आलेलं, ज्याचे आईबाप राजी आहेत असं मूल हवं. एका मुलाला ताप आला, एका आईने नकार दिला, की साखळी तुटली आणि पुन्हा मुंबईकडे तोंड करायचं. पुढच्याच वर्षी, १८०३ मध्ये, स्पेनच्या राजाने बाल्मिस नावाच्या डॉक्टरबरोबर बावीस अनाथ मुलं जहाजात घालून अमेरिकेकडे पाठवली, ती याच कामासाठी. वाटेत एकामागून एक मुलांना टोचत लस जिवंत ठेवायची होती. जगातली पहिली शीतसाखळी बर्फाची नव्हती, पोरांच्या दंडांची होती. ती अनाथच का निवडली, हे सांगायला नको.

आपल्याकडे ही साखळी गावोगाव तुटत राहिली, त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. घरात देवी आली म्हणजे साक्षात देवी आली, असं मानणारी माणसं होती. रोग्याच्या उशाशी कडुलिंबाचा डहाळा, दारात परक्याला बंदी. अशा घरात जाऊन सरकारी माणसाने सुरी काढायची. त्यात लस कोणाच्या दंडातली हा जातीचा प्रश्न होताच. आणि सगळ्यात मोठा आक्षेप आईचा असे: माझ्या लेकराला एकदा टोचलंत, ते सोसलं, आता आठ दिवसांनी त्याचा पिकलेला फोड फोडून शेजारच्या पोरासाठी लस काढणार? इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांत याला अडाणीपणा म्हटलेलं असे. अडाणीपणा त्यात थोडा, माया जास्त होती.

मुंबई इलाख्याने १८२०च्या दशकाच्या शेवटी यावर एक व्यवस्था बसवली. टोचणाऱ्यांना शहरातल्या दवाखान्यात बसवून न ठेवता जिल्ह्यांत फिरतं केलं. कोणी कोणत्या गावांत कधी जायचं ते ठरवून दिलं, त्यांच्यावर तपासनीस नेमले आणि टोचलेल्यांच्या नोंदी ठेवायला लावल्या. टोचणारे बहुतेक देशी, तपासणारे बहुतेक गोरे. पुढे 'मुंबई पद्धत' म्हणून इतर प्रांतांनी तिचा कित्ता गिरवला. लोकांनी या माणसाला नाव दिलं 'देवी डॉक्टर', आणि त्याच्या कामाला 'देवी काढणे'. मराठीत हा शब्दप्रयोग इतका रुजला की देवी जगातून गेल्यावरही म्हातारी माणसं नातवंडांच्या कोणत्याही लशीला 'देवी काढल्या का?' असं विचारत राहिली.

योगायोग असा की साधारण त्याच सुमारास, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच, शिंद्यांच्या चाकरीतून परतलेले हैबतबाबा आरफळकर माउलींच्या वारीची घडी बसवत होते. पादुका पालखीत, पालखीबरोबर अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आणि तंबू, दिंड्यांचा क्रम ठरलेला, मुक्काम ठरलेले. रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि बाकीच्या रथामागे. संध्याकाळी मुक्कामाला समाजआरती होते तेव्हा चोपदार चोप उंचावतो आणि लाखभर माणसं गप्प होतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ, सगळं त्या शांततेत सांगितलं जातं. फौजेत वावरलेल्या माणसाने भक्तीला दिलेली ही शिस्त आहे. एकाच मुलखात, एकाच काळात माणसं आणि वस्तू दूरवर नेण्याच्या दोन योजना आकाराला येत होत्या. एकीला सरकारचा हुकूम होता, दुसरीला लोकांची ओढ. त्यांची गाठ पडायला मात्र शंभर वर्षं जावी लागली.

एकोणिसावं शतक सरता सरता दंडावरून दंडावर ही पद्धत मागे पडली. वासरांच्या कातडीवर लस वाढवायची, खरवडून ग्लिसरीनमध्ये घोटायची आणि नळ्यांत भरून पाठवायची, अशी रीत आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लस तयार करणारी संस्था उभी राहिली. हवा थंड, सह्याद्री जवळ. पण बेळगाव थंड असलं तरी सोलापूर थंड नाही. चैत्र-वैशाखात इथलं ऊन चाळिशी ओलांडतं आणि त्या उन्हात टपालाने आलेली नळी दोन-चार दिवसांत निकामी होते. म्हणून देवी काढायचा हंगाम हिवाळ्याचा. देवीची साथ मात्र उन्हाळ्यात भडकायची. लस हाती असून वेळेला नसणं, ही अडचण तेव्हापासूनची.

प्लेगने सगळंच गणित बदललं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी गाठीचा ताप ओळखला. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आला. ओडेसात जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम करून, पटकीची लस शोधून, ती कलकत्त्याकडे हजारोंना टोचून आलेला होता. मुंबईत त्याला मिळालं काय? ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी सर्वांआधी स्वतःला टोचून घेतली. त्या महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली.

या लशीच्या कृतीत एक गोष्ट अशी आहे की ती मराठी वाचकाला सांगायलाच हवी. जंतू वाढवायला मांसाचा रस लागतो. युरोपात त्यासाठी गोमांस वापरत. हाफकिनने बोकडाचं मांस घेतलं, म्हणजे हिंदूंचीही हरकत नको आणि मुसलमानांचीही नको. त्या रसावर त्याने तुपाचे थेंब सोडले. तुपाला धरून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढत, दर काही दिवसांनी बाटली हलवली की ती झुंबरं तळाशी बसत आणि नवी लोंबू लागत. मग उष्णता देऊन जंतू मारायचे, बाटल्यांत भरायचं. ही मेलेल्या जंतूंची लस असल्यामुळे तिला जिवंत दंड नको होता, थंडावाही देवीच्या लशीइतका नको होता. बूच घट्ट असलं की ती आगगाडीने कुठेही जाऊ शके. पहिल्यांदाच एका शहरातून अख्ख्या देशाला लस पाठवणं शक्य झालं. ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची हाफकिन संस्था. १९२५ पर्यंत तिथून सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले.

पण बाटली निघणं आणि दंडात जाणं यांत मोठं अंतर होतं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि सरकारने सगळा भर लशीवर नाही, बळावर दिला. घरझडत्या, रेल्वे स्थानकांवर बायाबापड्यांच्या तपासण्या, सक्तीचे इस्पितळ. पुण्यात जूनमध्ये प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच पुण्यात १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगने पछाडलेल्या पोराला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोहोचल्या होत्या. सोलापूर जिल्हा तेव्हा दुष्काळाने आधीच पिचलेला. उंदीर पडायला लागले की गाव रिकामं करायचं, रानात पाचटाच्या झोपड्या घालून राहायचं, हा शहाणपणा लोकांनी स्वतःच शोधला होता आणि तो खरोखर उपयोगी होता. सरकारी माणूस आला की मात्र आजारी माणूस कणगीमागे लपवला जाई. त्याच सरकारी माणसाच्या हातात आता सुई होती. सुईबद्दल नाना अफवा उठल्या त्या काही आकाशातून पडल्या नव्हत्या. वर्षभर ज्याने दार फोडलं, त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

जिथे वेगळी तऱ्हा धरली तिथे वेगळं घडलं. मुंबईत आगाखानांनी लोकांसमोर लस टोचून घेतली. त्यांना पाहून त्यांच्या अनुयायांनी घेतली. १८९८ मध्ये हुबळीत डॉ. लॉयमन यांनी गावातल्या पुढाऱ्यांना हाताशी धरून जवळपास सगळ्या गावाला, सुमारे ३८ हजार माणसांना, टोचलं. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. तीच लस, तीच बाटली, तोच कायदा. फरक एवढाच की तिथे टोचणारा माणूस लोकांना सामोरा गेला होता.

मग मुलकोवाल घडलं. १९०२ मध्ये पंजाब सरकारने अवाढव्य मोहीम आखली आणि परळकडे लाखो डोस मागितले. मागणी पुरवायला हाफकिनने लस तयार करण्याची अधिक वेगवान पद्धत घेतली. तिच्यात कार्बोलिक ॲसिड घालायचं बंद झालं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल गावात १०७ जणांना टोचलं गेलं. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली होती. बाटलीचा क्रमांक ५३ एन. चौकशीने बोट परळकडे दाखवलं, हाफकिनला कामावरून दूर केलं. गावात बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, हे पुढे आलं. पण न्याय मिळायला १९०७ उजाडलं, तोही इंग्लंडमधल्या रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे आवाज उठवल्यावर. हाफकिन परत आला तो कलकत्त्याला. मुंबईत त्याने उभी केलेली प्रयोगशाळा त्याच्या हाती पुन्हा कधी आली नाही. त्याच्यावर झालेला हा अन्याय या देशाच्या वैद्यकीय इतिहासातला काळा डाग आहे, आणि परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं तरी तो पुसला जात नाही.

त्या प्रकरणातून एक गोष्ट मात्र कायमची शिकता आली. बाटलीला क्रमांक होता म्हणून ती सापडली. आज वेळापूरच्या दवाखान्यात बाळाला पोलिओचे दोन थेंब पाजताना नर्सबाई रजिस्टरात बॅच नंबर लिहिते, त्या सवयीचं मोल ५३ एनने दाखवून दिलं होतं.

आता पटकी, म्हणजे कॉलरा. या वाटेशी तिचं नातं प्लेगपेक्षा जुनं आणि जवळचं. गावोगावच्या वेशीवरची मरीआई ही तिची खूण. १८६५ मध्ये मक्केच्या यात्रेतून पटकी युरोपात पोहोचली आणि पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला जगभरच्या सरकारांची परिषद भरली. तेव्हापासून हिंदुस्थानातली प्रत्येक मोठी यात्रा इंग्रज सरकारला रोगाचं कोठार वाटू लागली. जगन्नाथपुरी, हरिद्वार आणि पंढरपूर. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरपर्यंत आल्यावर तर पायी पंधरा दिवसांनी येणारी माणसं काही तासांत येऊ लागली आणि रोगही त्याच वेगाने परतू लागला. प्लेगच्या वर्षांत सरकारने यात्रेवर वेळोवेळी निर्बंध घातले. पालख्या अडवल्या गेल्या. वारकऱ्याला ते पटणं शक्य नव्हतं. बापजाद्यांपासून चालत आलेली वारी चुकवायची, तीही साहेब म्हणतो म्हणून?

पुढे यात्रा अडवण्यापेक्षा यात्रेकरूला टोचण्याकडे कल वळला. स्वातंत्र्याच्या आगेमागे कितीतरी वर्षं पंढरीला जाणाऱ्याला कॉलऱ्याची लस सक्तीची होती. टोचल्याचा कागद कनवटीला लावूनच निघायचं. वेशीवर, स्थानकावर, मुक्कामाच्या गावी टोचणारे बसलेले. इथे हैबतबाबांची घडी कामी आली. दिंडीला प्रमुख आहे, क्रमांक आहे, माणसं एकमेकांना नावानिशी ओळखतात. प्रमुखाने बाही वर केली की मागची रांग आपोआप वर करते. रोग पसरवणारा लोंढा म्हणून ज्या वारीकडे पन्नास वर्षं पाहिलं गेलं, तिच्याच अंगात लस पोहोचवण्याची सोय होती. ती वापरायला इतका उशीर का झाला, हा प्रश्न आजही बोचतो.

ती लस फार गुणाची होती असंही नाही. रक्षण अर्धवट, तेही काही महिन्यांचं. दंड सुजायचा, ताप यायचा आणि त्याच अंगाने पुढचे मुक्काम गाठायचे. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी कॉलऱ्याच्या लशीचा दाखला मागणं सोडून दिलं. वारीतली पटकी खरी हटवली ती पाण्याने: विहिरीत टाकलेल्या टीसीएल पावडरने, टँकरने, नळाने, उशिरा का होईना आलेल्या शौचालयांनी. लशीच्या इतिहासात हे मान्य करायला हवं.

देवीचा शेवट याच्या अगदी उलट झाला. १९६२ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा बेत सरळ होता: सगळ्यांना टोचा. आता लस वाळवलेल्या भुकटीची होती, सोलापूरच्या उन्हातही टिकणारी. दोन टोकांची बारीक सुई आली, जी एका थेंबाच्या अंशावर काम करे आणि कुणालाही दहा मिनिटांत शिकवता येई. तरीही देवी हटेना, कारण टोचणारे सोप्या गावांना पुन्हा पुन्हा जात आणि अवघड वस्त्या राहून जात. आकडे फुगत आणि रोगही. मग डाव फिरवला. आधी रोगी शोधा, त्याच्याभोवतीच्या घरांना टोचा, कडं करा. १९७३ ते १९७५ या काळात देवीच्या रोग्याचं चित्र असलेलं कार्ड हातात घेऊन माणसं देशभर घरोघर, आठवडी बाजारात, यात्रेत, शाळेत विचारत फिरली. खबर देणाऱ्याला बक्षीस होतं. ते वाढत वाढत हजार रुपयांवर गेलं. महाराष्ट्र तोवर बहुतांशी मोकळा झाला होता, पण बाहेरून येणाऱ्याकडे डोळे लावून बसावं लागत होतं. मे १९७५ मध्ये देशातली शेवटची रोगी सापडली. आज पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या दंडावर त्या काळाची सही आहे.

त्यानंतरची पंचेचाळीस वर्षं गाजावाजा न होता गेली, आणि खरं बांधकाम त्याच वर्षांत झालं. १९८५ चा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम, १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार, चौकात टेबल टाकून बसलेल्या अंगणवाडीताई, नख शाईने रंगवलेली पोरं. प्राथमिक आरोग्य केंद्रात वीज गेली तरी बर्फाच्या अस्तरामुळे थंड राहणारा फ्रीज आला. निळसर व्हॅक्सिन कॅरिअर आला, चार आइसपॅकवाला. दोन ते आठ अंश हा मंत्र प्रत्येक नर्सबाईला पाठ झाला. उसाच्या फडातल्या कोयत्याच्या टोळ्यांपर्यंत, वीटभट्टीवरच्या पालांपर्यंत जाण्याची वाट मळली. कोविड आला तेव्हा नवं काही उभारायला वेळ नव्हता. होतं ते हेच होतं.

१२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या दारातून तीन थंड ट्रक निघाले. त्याआधी त्यांची पूजा झाली. ४७८ खोकी, प्रत्येक ३२ किलोचं, १३ शहरांसाठी. ही संस्था हडपसर-मांजरीच्या पट्ट्यात आहे. माउलींची पालखी पुणे सोडून दिवे घाटाकडे वळते ती हडपसरहूनच. १६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झालं, महाराष्ट्रात २८५ केंद्रांवर. आधी आरोग्य कर्मचारी, १ मार्चपासून साठीपुढचे, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढचे. पुण्याच्या राज्य भांडारातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याच्या आरोग्य केंद्रांना, तिथून उपकेंद्राला आणि शाळेच्या वर्गात मांडलेल्या टेबलावर. फ्रीजचं तापमान आता मोबाइलवर दिसत होतं.

योजना कागदावर सुरेख होती. तिला पहिला तडा गेला तो पुरवठ्याचा. एप्रिलमध्ये दुसरी लाट चढत असताना महाराष्ट्रात केंद्रांवर 'लस संपली'चे फलक लागले. १ मे पासून अठरा वर्षांवरच्यांना दार उघडलं आणि १२ मे रोजी राज्याला ते मिटावं लागलं, कारण पंचेचाळिशीपुढच्यांना दुसरा डोस द्यायलाच पुरेशी लस नव्हती. लगेच कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं. दुसरा तडा नोंदणीचा. मोबाइलवर स्लॉट उघडे आणि काही सेकंदांत भरे. भराभर बोटं चालवणारी शहरातली तरुण मंडळी खेड्यातल्या केंद्रांचे स्लॉट पटकावून मोटारीने येत, टोचून परत जात आणि त्याच गावातला शेतकरी आधार कार्ड हातात धरून झाडाखाली बसून राही. हातात स्मार्टफोन नाही म्हणून रांगेत मागे पडलेल्या माणसाची ती चीड रास्त होती. २१ जूनपासून खरेदी पुन्हा केंद्र सरकारकडे गेली, थेट केंद्रावर येऊन नोंदणीला मुभा मिळाली, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

आणि मग जुनीच गोष्ट पुन्हा दिसली. ऑगस्ट-सप्टेंबरात कुप्या भरपूर झाल्या, पण माणसं येईनात. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस. फोडली की चार तासांत संपवायची. सहा माणसं जमली तर नर्सबाईने काय करायचं? चार डोस वाया घालवायचे, की सहा जणांना उद्या या म्हणायचं? हा निर्णय दिल्लीत होत नाही, मुंबईतही नाही. तो वस्तीवर, आशाताईच्या ओळखीवर होतो. कुणाची सून नुकतीच माहेराहून आली, कोण म्हातारा ताप येईल म्हणून घाबरलाय, कोणत्या रानात आज खुरपणीला बायका आहेत, हे तिला ठाऊक असतं. ती चार दारं ठोठावते आणि दहा माणसं पुरी करते. ऑक्टोबरात राज्याने 'मिशन कवच कुंडल' काढलं, नोव्हेंबरात देशाने 'हर घर दस्तक'. नावं वेगळी, काम तेच, जे देवी डॉक्टरने कधीकाळी पायी केलं होतं. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशाचे शंभर कोटी डोस पूर्ण झाले. त्या आकड्यात आशाताईने झिजवलेल्या चपला मोजलेल्या नाहीत.

या काळात वेळापूरचा चढ दोन वर्षं रिकामा राहिला. २०२० मध्ये आणि २०२१ मध्येही पादुका एसटीने पंढरीला गेल्या. धावा झाला नाही, मुक्काम पडला नाही, चुलींवर पिठलं रटरटलं नाही. साथीसाठी पालखी थांबवल्याचे जुने प्रसंग या वाटेने पाहिले होते. पण या वेळी ती थांबली त्यात वारकरी संप्रदायाच्या प्रमुखांचा सहभाग होता, आणि मोजक्या वारकऱ्यांनिशी का होईना परंपरा अखंड राहिली. शतकापूर्वीच्या हुकमात आणि या समजुतीत मोठं अंतर आहे.

२०२२ च्या जूनमध्ये पालखी पुन्हा पायी निघाली. लाखो माणसं आली, बहुतेकांच्या दंडात दोन-दोन डोस होते. माळशिरसचा मुक्काम हलला, चढ आला, वारी थांबली आणि दोन वर्षं कोंडलेला धावा वेळापूरच्या उताराने सुटला. १० जुलैला आषाढी एकादशी झाली. बरोबर आठवड्याने, १७ जुलैला, देशाने दोनशे कोटींचा आकडा गाठला. त्या दिवशी माउलींच्या पादुका परतीच्या वाटेवर होत्या. परतीच्या वारीला गर्दी नसते. थोडे टाळकरी, पालखी, पावसाने चिखल झालेला रस्ता, आणि गावागावांतून हात जोडून उभी असलेली तुरळक माणसं.